दाखल क्रमांक

रबाळ्यातल्या बंद पडलेल्या रंगाच्या कंपनीचं
हे कॅन्टीन होतं.
ताटं सरकवायची खिडकी अजून तशीच आहे,
तिच्यातून मी आता पुस्तकं देते.
कोपऱ्यातल्या भिंतीला कितीही चुना मारा,
खालचा हिरवा वर येतोच,
कबूल न केलेल्या गोष्टीसारखा.

समिती गुरुवारी येणार. तिघं.
अर्ज बेचाळीस पानांचा.
पान सतरा: ग्रंथालयात किमान पाच हजार ग्रंथ.
प्राचार्य अमोलिक चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
"तबिताबाई, मागच्या वेळेसारखं करू."

मागच्या वेळी टेम्पो आला होता.
नाशिकच्या मंडळीकडून दीड हजार,
एका निवृत्त पाळकांच्या घरून सहाशे,
आणि वर भर म्हणून
कुणाच्या तरी मुलाची दहावीची गाइडं, कव्हरं घालून,
सगळ्यात वरच्या फळीवर,
जिथे समितीची मान पोचत नाही.
तिसऱ्या दिवशी टेम्पो परत.
दोऱ्या मीच सोडल्या, मीच बांधल्या.
मान्यता मिळाली. पेढे वाटले.
माझा पेढा टेबलाच्या खणात राहिला,
मुंग्यांनी नेला.

या वेळी मी मोजायला बसले.
वाळवीनं खाल्लेलं हिब्रू व्याकरण:
अर्धा ग्रंथ धरावा का?
ग्रीक शब्दकोश दोन, पैकी एकाला सुरुवातच नाही.
पाद्री रणभिसे यांची हाताने लिहिलेली वही:
कुणाला कुठे पुरलं, कोणतं गीत म्हटलं,
खड्डा खणताना खडक लागला का,
घरचं कोण आलं नाही.
ती ग्रंथ नाही. तिला क्रमांक नाही.
आणि हनोख देठेकडे आठ महिने अडकलेलं एक.
तो तुर्भ्याच्या गोदामात रात्रपाळी करतो,
सकाळी उपदेशशास्त्राच्या तासाला
डोळे उघडे ठेवून झोपतो.

तीन हजार एकशे चौऱ्याऐंशी.
दुसऱ्यांदा मोजले तर एक कमी,
म्हणून तिसऱ्यांदा.

"पोरांच्या पदव्यांचा विचार करा," सर म्हणाले.
तोच करत होते.
ही पोरं उद्या कुणाच्या मरणघरी उभी राहतील
आणि ती खरं बोलतील
असं आपण सहीशिक्क्यानिशी लिहून देतो, सर.
हे मी मनात म्हटलं.
तोंडानं एवढंच: "आकडा भरलाय. शाईनं."

गुरुवारी एकानं संडास पाहिले,
एकानं जमाखर्च.
तिसरे, डॉक्टर शलमोन कसबे, गुडघे धरत
माझ्या खिडकीशी आले.
वहीवर बोट फिरवलं, थांबवलं.
"मागच्या अहवालात पाच हजार दोनशे आहेत.
दोन हजार गेली कुठे?"
"जिथून आली होती, तिथे."

सर कपाळावरचा चष्मा खिशात शोधू लागले.
कसबे हसले नाहीत, रागावलेही नाहीत.
बरंच काहीतरी लिहिलं.
मग रणभिशांची वही मागून
उभ्या उभ्या वाचत राहिले,
चहावर साय धरेपर्यंत.
"हिचा क्रमांक?"
"नाही."
"द्या की मग."

पत्र दिवाळीनंतर आलं:
सशर्त मान्यता, दोन वर्षं, अटी चौदा.
सर माझ्याशी बोलतात, पण चिठ्ठीतून.
शिपाई सखाराम दिवसातून चारदा जिना चढतो
आणि मला बोल लावतो.

काल हनोख आला, गोदामातून थेट.
पुस्तकाच्या कडेला ग्रीसचा अंगठा.
"दंड किती, बाई?"
रोजचे चार आणे, आठ महिने: साठ रुपये.
अट अकरावी म्हणते, दंडवसुलीत शिस्त नाही.
त्याच्या खिशात चाळीस निघाले.
पावती मी साठची फाडली.
पेटीत साठच आहेत, मोजून घ्या.
वरचे वीस कुठून आले
याची नोंद कुठेही नाही.